सीए नव्हे, ते दुसरं

सुकन्याच्या हातात पडलेल्या पहिल्या सरकारी कागदावर 'टेक्निशियन' हा शब्द छापलेला होता, आणि तिच्या डोकेदुखीची सुरुवात तिथूनच झाली.

गोष्ट १९९६ सालची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. सुकन्याचं गाव वारंगा फाट्यापासून चार किलोमीटर आत. बाप ज्ञानबा साठ-सत्तर मेंढरं आणि तीन एकर कोरडवाहू राखून होता. आई चंद्रभागाबाई. थोरला भाऊ शिवहार याचं फाट्यावर पंचरचं दुकान. सुकन्या कळमनुरीला अकरावी-बारावीला होती. तिनं लेखाशाखेचा व्यावसायिक अभ्यासक्रम घेतला तो आवडीनं नव्हे. विज्ञानाचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालायचं आणि फाट्याला परतणारी सोयीची एसटी पाचला सुटायची, एवढंच त्यामागचं कारण. पण दोन वर्षांत तिला कीर्द, खतावणी, ताळेबंद यांत गोडी लागली, आणि बारावीनंतर वसमतजवळच्या एका साखर कारखान्यात वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीचं पत्र आलं. पत्रावर लिहिलं होतं: टेक्निशियन अप्रेंटिस, शाखा लेखा.

शिवहारनं ते पत्र दुकानावर मोठ्यानं वाचून दाखवलं. 'टेक्निशियन'च्या पुढचं काही त्यानं वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा एकजण मोटरीचा जळालेला स्टार्टर घेऊन दारात उभा. दुपारी कुणाचा तरी रेडिओ आला. संध्याकाळी सरपंचाकडून निरोप, की शाळेतला पंखा आवाज करून राहिला, पोरीला पाठवा. सुकन्या प्रत्येकाला सांगत बसली की हे हिशेबाचं शिक्षण आहे. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि वस्तू ठेवून जायचे. शेवटी ज्ञानबानं ओट्यावर उभं राहून सांगितलं, "आमच्या पोरीला मोटर दुरुस्त करता येत न्हाई. मोटरीला पैसे किती गेले तेवढं सांगता येतं." तेव्हा कुठं रेडिओवाला रेडिओ घेऊन गेला.

वसमतला ती मावशीकडे राहिली. कारखान्याच्या लेखा विभागात अकरा पुरुष आणि ती. चीफ अकाउंटंट किसनराव हे टापटिपीचे, पांढऱ्या सफारीतले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचं अक्षर पाहिलं, बेरजा पाहिल्या आणि म्हणाले, "पोरी, या सर्टिफिकेटावर तू जन्मभर दुसऱ्यानं सांगितलेलं लिहिशील. सही कधी करणार न्हाईस. सही करायची असेल तर सीए हो."

किसनराव स्वतः सीएच्या मधल्या परीक्षेला तीनदा बसून तिन्हीदा नापास झाले होते. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं, आणि त्यामुळे सीएविषयी त्यांच्यापेक्षा जास्त अधिकारानं बोलणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

ते वर्ष संपत आलं तेव्हाची गोष्ट. पुण्याहून एक कॉस्ट ऑडिटर आले. सडसडीत अंगाचे, कमी बोलणारे, पायात साधे बूट. ऑफिसातल्या लोकांनी त्यांच्यासाठी टेबलावर वह्यांचा ढीग रचून ठेवला होता. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "एक पोतं साखर करायला वाफ किती लागते?"

सगळ्यांनी किसनरावांकडं पाहिलं. किसनराव म्हणाले, "साहेब, ते इंजिनीअरिंगवाल्यांचं काम."

"मग तिकडं जाऊन बघू या. कोण येतं माझ्याबरोबर?"

गळीत हंगाम जोरात होता, बाहेर चिमणीची राख उडत होती. कुणाला कपडे काळे करून घ्यायचे नव्हते. शिकाऊ म्हणून सुकन्याला पाठवलं. ती त्यांच्यामागून बॉयलरच्या घरात गेली. तिथला माणूस म्हणाला, "वाफ कुनी मोजत न्हाई, साहेब. काटा बघायचा. काटा खाली आला की बगॅस टाका म्हनायचं." ऑडिटरनी तिच्याकडून ऊस किती आला, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड किती जळलं, किती उरलं, कारखाना किती तास बंद होता, असं एकेक लिहून घेतलं. दोन दिवस ती ऊस पडतो त्या गव्हाणीपासून गोदामापर्यंत चालली. तिसऱ्या दिवशी त्यांनी या आकड्यांवरून वाफेचा हिशेब काढून तिच्यासमोर कागद ठेवला. डिसेंबरात दर पोत्यामागं जेवढी वाफ लागली होती, त्याच्या सव्वापट फेब्रुवारीत लागली होती. कारण काय, तर एक पाइप गळत होता आणि कारखाना वारंवार थांबत होता. वहीत या दोन्ही गोष्टी कुठंच नव्हत्या. वहीत फक्त 'इंधन' म्हणून एक आकडा होता आणि तो बरोबर होता.

"वही खर्च किती झाला ते सांगते," ते म्हणाले. "का झाला ते चालत गेल्याशिवाय कळत नाही."

सुकन्यानं त्यांना विचारलं, की तुम्ही सीए आहात का? ते पहिल्यांदाच हसले. "नाही. मी आय.सी.डब्ल्यू.ए. कॉस्ट अकाउंटंट. हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं."

त्यांच्या हसण्याचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही.

उमेदवारी संपल्यावर कारखान्यानं तिला हंगामी कारकून म्हणून ठेवून घेतलं. मुक्त विद्यापीठातून ती बी.कॉम. करू लागली. आणि पुढं काय करायचं, हा प्रश्न तिचा न राहता सगळ्या तालुक्याचा झाला.

मावशी म्हणायची, डी.एड. कर, मास्तरणीला सुट्ट्या असतात. चंद्रभागाबाई म्हणायची, आदी लगीन, मंग काय शिकायचं ते नवऱ्याच्या घरी शीक. कळमनुरीची एक वर्गमैत्रीण भेटली, ती म्हणाली, सहकाराचा जी.डी.सी. अँड ए. डिप्लोमा कर, एका मे महिन्यात परीक्षा, पास झालीस की सोसायट्यांचं ऑडिट करता येतं. किसनरावांनी हे ऐकलं आणि ते जागच्या जागी उखडले. "सोसायट्यांचं? चेअरमनच्या ओसरीत बसून चहा पिशील आणि शेरे लिहिशील? सीए म्हणजे सीए!"

शिवहारचं तर विचारूच नका. फाट्यावर नांदेडचे, हिंगोलीचे, हदगावचे सगळे रस्ते येऊन मिळतात, आणि प्रत्येक रस्त्यावरनं एक तरी शहाणा माणूस टायर पंचर करून घेऊन यायचा. चाक काढेपर्यंत शिवहार त्याला बहिणीची सगळी माहिती द्यायचा आणि सल्ला घ्यायचा. शनिवारी सुकन्या घरी आली की आठवड्याचे सल्ले तयार असायचे.

"एक साहेब म्हणून राहिला होता, बँकेत लाग."

"कोण साहेब?"

"जीपमदी होता. चष्मा होता."

पुढच्या शनिवारी, "कंपनी सेक्रेटरी म्हणून एक असतंय. त्यात लई मान."

"शिवादादा, ते काय असतं तुला माहीत आहे का?"

"मला काहून माहीत असावं? तू शिकलेली हाईस ना!"

१९९९ साली हिंगोली जिल्हा झाला. त्यानंतर शिवहारचं एकच पालुपद सुरू झालं. नव्या जिल्ह्यात एकबी सीए न्हाई, तू झालीस की पयली तूच. हे त्याला कुणीतरी टायर बदलताना सांगितलं होतं, त्यामुळे ते खरं की खोटं हे तपासायची त्याला गरज वाटली नव्हती.

सुकन्या चिडायची, पण मनातून तिलाही सीएच वाटत होतं. सगळे एकच शब्द म्हणत असले की दुसरा कानावर येत नाही. २००१ मध्ये पदवी हातात पडली. सीएसाठी कुणा सीएच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करावी लागते, म्हणून ती नांदेडला निघाली. ज्ञानबा बरोबर. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.

पहिल्या ऑफिसात शिरल्याबरोबर तिथल्या साहेबांनी पोरीकडं न बघता ज्ञानबाला बसायला सांगितलं आणि विचारलं, "रिटर्न कधीचं?"

"रिटर्न पाचच्या बसनं, साहेब," ज्ञानबा म्हणाला.

सुकन्यानं मधे पडून उलगडा केला. साहेबांनी कागद पाहिले, बरे आहेत म्हणाले. मग म्हणाले, मुलींचं लग्न होतं, अर्ध्यात सोडून जातात, आमचं नुकसान होतं. दुसऱ्या ऑफिसात तीन महिन्यांनी या म्हणाले. दोघं तीन महिन्यांनी परत गेली, तर ते म्हणाले, तेव्हाच यायला पाहिजे होतं, जागा भरली. तिसऱ्या ठिकाणी एक भला माणूस भेटला. तो घ्यायला तयार होता. पण पूर्ण दिवस नांदेडला, कारखान्याची नोकरी सोडून, आणि मिळणार होतं ते तिथल्या खोलीच्या भाड्यालाही पुरणारं नव्हतं. शिवाय त्यानंच सांगितलं, की नियम नुकतेच बदललेत, तुमच्याजवळची पुस्तकं जुन्या अभ्यासक्रमाची आहेत.

ती पुस्तकं किसनरावांनी तिला दिली होती. कसली जुनी, तर पानापानावर त्यांच्या तिन्ही नापासांच्या खुणा तीन रंगांच्या शाईत होत्या.

बसस्टँडवर दोघं बसली. सुकन्या चिडून रडत होती, आणि रडू येतंय म्हणून आणखी चिडत होती.

"बाबा, सगळ्यांना वाटतं मी सीए व्हावं. आणि एकालाही मी दारात उभी नको."

ज्ञानबानं काठी बाजूला टेकवली. मग म्हणाला, "सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटून राहिलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्याच लक्षात आलं, की तिनं स्वतःलाही कधी विचारलेलं नाही. लोकांचे आकडे बरोबर आहेत की चूक, हे तपासत बसण्यात तिचा जीव रमत नव्हता. तिला बॉयलरचं घर आठवत होतं. ती म्हणाली, "एखादी वस्तू तयार व्हायला खरंच काय लागतं, ते मला शोधायचंय. त्याची पण परीक्षा असते. सीएची नव्हे. दुसरी."

"मंग ती दे की. हितं काहून बसलो आपुन?"

ती परीक्षा नोकरी करत पोस्टानं अभ्यास करून देता येत होती, कुणाच्या हाताखाली जायची सक्ती नव्हती, केंद्र औरंगाबादला होतं. साखर कारखान्यातलं काम तर त्या अभ्यासाच्या पोटातच बसत होतं. सहकाराचा डिप्लोमा वाईट नव्हता, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. इतकं सरळ होतं. हे ठरवायला तिला चार वर्षं लागली, या गोष्टीचा तिला पुढं कितीतरी दिवस संताप यायचा.

किसनरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "आय.सी.डब्ल्यू.ए.? ते सीएत न्हाई जमलं की करतात."

"साहेब, मी सीएला बसलेच नाही, तर न जमायचा प्रश्न कुठं येतो?"

किसनराव तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

आता आणखी एक अडचण निघाली, ती म्हणजे नावाची. आय.सी.डब्ल्यू.ए. हे कुणाच्या तोंडात बसेना. मराठीत सांगावं म्हणून तिनं शब्दकोशातून 'परिव्यय लेखापाल' काढलं. मावशीला ते 'परिचय' ऐकू आलं, आणि तिनं गल्लीभर सांगितलं की आमची सुकन्या परिचारिका होऊन राहिली. आठवड्याभरात दोन बाया इंजेक्शन द्यायला बोलवायला आल्या. शिवहारनं आपल्यापुरतं उत्तर शोधलं होतं. गिऱ्हाइकानं विचारलं की तो सांगायचा, "सीएच हाय, पन थोडं कमी." हे सुकन्याच्या कानावर गेलं तेव्हा तिनं पाना उचलून त्याच्या दुकानाच्या पत्र्यावर असा आपटला की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली.

आणि पुस्तकांचं पार्सल याच माणसाच्या पत्त्यावर यायचं होतं. गावात टपाल आठवड्यातून दोनदा यायचं, फाट्यावर रोज, म्हणून तिनंच तो पत्ता दिलेला. एका शनिवारी ती दुकानात आली तर पार्सल फोडलेलं, पुस्तकं टायरवर मांडलेली, आणि कॉस्ट अकाउंटिंगचं मुख्य पुस्तक गायब.

"ते एका जीपवाल्याला दिलं," शिवहार म्हणाला. "त्याचा भाचा सीए करून राहिला. म्हणला, आठ दिवसांत आणून देतो."

"माझं पुस्तक? मी हात लावायच्या आत?"

"अगं, आपल्या पुस्तकाचं नाव तरी झालं हदगावपर्यंत!"

तिनं त्याच्याकडून जीपवाल्याचं नाव काढून घेतलं आणि ती समोर उभ्या असलेल्या हदगावच्या बसमध्ये चढली. हदगावला उतरून जीपवाल्याचं नाव विचारत विचारत भाच्याच्या घरी पोचली. भाचा घरी होता. त्यानं पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, त्यावर झोकदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुस्तक एकदाही उघडलं नव्हतं. भाच्याच्या आईनं चहा केला. सुकन्यानं चहा प्यायला, कव्हर काढून टेबलावर ठेवलं आणि पुस्तक घेऊन परत आली. त्यानंतर टपालाचा पत्ता कारखान्याचा झाला.

अभ्यास ती पहाटे मावशीच्या गच्चीवर करायची आणि वसमत ते कारखाना या पाऊण तासाच्या बसमध्ये. पहिल्या परीक्षेला औरंगाबादला जाताना चंद्रभागाबाई बरोबर निघाली, कारण पोरीला एकटीला पाठवायचं तिच्या मनाला येत नव्हतं. मुक्काम कुठं, तर शिवहारच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याच्या भावाकडे. परीक्षेच्या वेळात चंद्रभागाबाई केंद्राच्या फाटकापाशी भाकरी सोडून बसायची. तिथं इतर पोरांचे बाप विचारायचे, मुलगी कसली परीक्षा देते? ती सांगायची, "ते म्या सांगत न्हाई. सांगितलं की मानसं परत इच्यारतात."

निकाल आला. प्रत्येक विषयात पास, पण सगळ्याची मिळून सरासरी पन्नास लागायची, ती चार गुणांनी चुकली. पुन्हा सगळे पेपर. सुकन्या त्या दिवशी ऑफिसात आली आणि किसनरावांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"बोला साहेब. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या."

किसनरावांनी कागद पाहिला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला एका वेळी सहा गुण कमी पडले होते," ते म्हणाले. "मी परत अर्ज भरायला उशीर केला. तू आज भर." आणि त्यांनी शिपायाला पोस्टात पिटाळलं. दुपारी मात्र ते पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सीएला बसली असतीस तर चार गुणांचं दुःख तरी मोठं असतं."

२००३ साली हिंगोलीहून एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं बरी. पोहे झाले. मुलाच्या काकांनी विचारलं, "शिक्षण काय?"

"बी.कॉम. आणि आय.सी.डब्ल्यू.ए. इंटर चालू आहे."

"म्हणजे सीए नापास का?"

चंद्रभागाबाईनं आतून डोळ्यांनी खुणावलं, गप. पण सुकन्या सहा वर्षं गप बसून कंटाळली होती. तिनं काकांपुढची पोह्यांची बशी उचलली आणि विचारलं, "हे पोहे किती रुपयांना पडले, सांगता?"

काका म्हणाले, पोह्याचा जो भाव असेल तो. मग तिनं त्यांना पोहे, तेल, कांदा, सरपण, आईची दोन तासांची मेहनत, आणि पाहुणे उशिरा आल्यामुळं वाया गेलेला पहिला घाणा, असं सगळं फोडून सांगितलं. वीस मिनिटं. मुलगा मान खाली घालून हसत होता, पण काका हसत नव्हते. स्थळ मोडलं. चंद्रभागाबाई पंधरा दिवस पोरीशी फक्त ज्ञानबाच्या मार्फत बोलली: "तिला म्हनाव, जेवून घे."

इंटर २००४ मध्ये सुटली. त्यानंतर दोन वर्षांनी वसमत डेपोतल्या रामप्रसाद नावाच्या कंडक्टरशी तिचं लग्न झालं. त्यानं बघायच्या कार्यक्रमात एकच गोष्ट विचारली, परीक्षा कोणत्या महिन्यात असतात, म्हणजे मला रजा टाकता येईल. चंद्रभागाबाई म्हणाली, ह्याला हो म्हन, ह्याला जास्तीचं काही इच्यारायची सवय न्हाई.

शेवटची परीक्षा दोन भागांत, एकेक भाग दोनदा. मधे मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन सुकन्यानं एका पेपरचा अभ्यास केला आणि त्यातच तिला सगळ्यात कमी गुण पडले. २००९ च्या सुरुवातीला निकाल लागला. पास.

कारखान्यानं तिला कॉस्ट विभागाचा कारभार दिला. तोवर किसनराव निवृत्त झाले होते. ते पेढे घ्यायला खास आले. तिच्या टेबलावरचा पहिला अहवाल त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. बोट तिथंच थोडा वेळ राहिलं. "अक्षर तेच आहे," ते म्हणाले. दाराशी जाऊन वळले. "पण सीए झाली असतीस ना..."

"साहेब, सांभाळून जा, पायरी आहे," सुकन्या म्हणाली.

इकडे शिवहारला आनंद मावेना. त्यानं फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लावला. बहिणीचा लग्नातला फोटो, चहूबाजूंनी फाट्यावरच्या टायरवाल्यांचे, हॉटेलवाल्यांचे फोटो, आणि वर ठळक अक्षरांत: सीए झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. सुकन्यानं तो नांदेडच्या बसमधून जाताना पाहिला. तिथंच उतरली. भावाला जे बोलायचं ते रस्त्यात उभं राहून बोलली. शिवहार खजील झाला. म्हणाला, "आजच्या आज बदलतो. तू कागदावर लिहून दे." तिनं मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

तिनं लिहून दिलेला कागद शिवहारनं खिशात ठेवला आणि फ्लेक्सवाल्याला अक्षरं फोनवर सांगितली. दोन दिवसांनी नवीन फ्लेक्स लागला: आय.सी.यू. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

सकाळपासून सुकन्याचा फोन वाजू लागला. कळमनुरीची वर्गमैत्रीण रडतच होती, कोणत्या दवाखान्यात ठेवलंय? मावशी पिशवी भरून डेपोत पोचली आणि रामप्रसादला म्हणाली, मला कुणी काहून सांगितलं न्हाई? किसनराव रिक्षा करून घरी आले, दार तिनंच उघडलं, तेव्हा ते तिला वरून खालपर्यंत बघत राहिले.

दुपारी ती फाट्यावर गेली. पांढऱ्या रंगाचा डबा, काळ्या रंगाचा डबा, दोन ब्रश. शिवहारनं स्टूल धरलं. ती वर चढली, 'यू' पुसून काढला आणि कमी जागेत 'डब्ल्यू.ए.' बसवू लागली. ब्रश हलत होता, तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. फाट्यावरच्या बसची माणसं खिडकीतून बघत होती.

ती जरा थांबली तसा शिवहार खालून म्हणाला, "सुके, एक इच्यारू? चिडू नको."

"विचार."

"हे तुजं आय.सी.डब्ल्यू.ए. म्हंजे... नेमकं काय असतं?"

ती ब्रश हातात धरून खाली बघत राहिली. बारा वर्षं. या माणसानं बारा वर्षं तिच्या शिक्षणाची जाहिरात केली होती, आणि काय शिकून राहिली हे आज पहिल्यांदा विचारलं होतं.

"एका पंचरला तुला किती पडतं?" तिनं विचारलं.

"पडतं काय? वीस घेतो."

"घेतोस ते नाही. तुला पडतं किती?"

मग तिथंच, स्टुलावर बसून, तिनं त्याच्याकडून एकेक काढून घेतलं. सोल्यूशनची ट्यूब किती पंचरला पुरते. पॅच किती वाया जातात. हवेच्या मशीनला वीज किती, जागेचं भाडं किती, दिवसात गाड्या किती येतात आणि तो नुसता बसून किती वेळ असतो. शिवहार आधी पटपट सांगत होता, मग हळूहळू. मग तो बोटांवर मोजायला लागला. शेवटी सुकन्यानं फ्लेक्सच्या कोपऱ्यात, एका हॉटेलवाल्याच्या फोटोशेजारी, काळ्या ब्रशनं आकडा लिहिला: बावीस रुपये पन्नास पैसे.

शिवहारनं तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.

"म्हंजे मी इतकी वर्षं... दर चाकामागं पदरचे घालून राहिलो?"

"व्हय."

"आन तू हे आदी काहून सांगितलं न्हाई?"

सुकन्यानं ब्रश डब्यात टाकला. तिला इतकं काही बोलायचं होतं की त्यातलं आधी कोणतं बोलावं हे कळेना. ती स्टुलावरून उतरली, वसमतची गाडी लागली होती ती धरली.

दुसऱ्या दिवसापासून पंचरचा भाव तीस रुपये झाला. जीपवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा शिवहारनं फ्लेक्सकडं बोट दाखवून सांगितलं, "मला इच्यारू नका. बहिणीनं सांगितलं. आमची बहीण सीए हाय."